वहिनींचा सोलो

वहिनींनी गिटारच्या दुसऱ्या तारेवरचा सूर जरा वर ओढला, तिथेच धरला आणि हात थांबवला. त्या थांबल्या आणि मास्तर सुरू झाले. कीबोर्डवर त्यांचा उजवा हात चार पायऱ्या टपटप उतरला, दिवसभर वणवण करून घरी आल्यासारखा खालच्या सुरावर टेकला आणि वहिनींचं वाक्य पूर्ण झालं.

"वा!" ड्रमच्या मागून धाकटा ओरडला. "काय बसलंय, दादा!"

वहिनींनी तारांवर तळवा टेकवून आवाज बंद केला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. पुन्हा घेऊ या."

पुन्हा घेतलं. पुन्हा वहिनी थांबल्या, पुन्हा मास्तर चार पायऱ्या उतरले. काचेपलीकडे बसलेली रेकॉर्डिस्ट बाई कानांवर हेडफोन चढवून कसलीतरी बटणं सारखी करत होती. आवाजाची तपासणी झाली की ती खूण करणार आणि खरं रेकॉर्डिंग सुरू होणार. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा तो स्टुडिओ होता. खालच्या शाईचा वास जिन्यावरून वर येई आणि भिंतींना लावलेल्या स्पंजात मुरून बसे.

चौघांचा बँड होता. मास्तर शाळेत संगीत शिकवत, बँडमध्ये कीबोर्ड वाजवत आणि गात. धाकटा त्यांचा सख्खा भाऊ. दिवसभर टायरच्या दुकानात हातोडी चालवून उरलेली ताकद तो संध्याकाळी ड्रमवर काढी. बेस गिटारवर पोस्टमन होता. त्याने दिवसभर इतकी दारं वाजवलेली असत की संध्याकाळी तोंड उघडायची त्याला इच्छाच नसे. आणि गिटारवर वहिनी. नात्याने त्या एकट्या धाकट्याच्याच वहिनी, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून हॉटेलांचे मॅनेजर, स्पीकर भाड्याने देणारा, त्या ज्या चष्म्याच्या दुकानात काम करत तिथला मालक, सगळे त्यांना वहिनीच म्हणू लागले होते.

हॉटेलांतल्या जेवणाच्या हॉलमध्ये, कंपन्यांच्या पार्ट्यांत हा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवी. वहिनींची त्यात ख्याती होती. मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा त्या तंतोतंत उचलत. मूळ वादकाला मध्येच शिंक आली असती तर वहिनींनी तीही वाजवली असती, असं धाकटा म्हणे. वहिनी त्यावर हसत. पण घरी येऊन गिटार पेटीत ठेवताना त्यांना कधीकधी वाटे, की दिवसभर आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांना चष्मे बसवतो आणि रात्री दुसऱ्यांची बोटं आपल्या हातांना लावून वाजवतो. यातलं आपलं काय?

म्हणून मास्तरांनी स्वतःची चार गाणी रचली आणि तिसऱ्या गाण्याच्या मधोमध मोकळी जागा ठेवून सांगितलं, "हे सोळा बार तुझे. काय हवं ते वाजव," तेव्हा वहिनींना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. सोळा बार म्हणजे चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं, काही फार नव्हे. चहा गाळून कपांत ओतेपर्यंत संपतात. पण तेवढ्या वेळात सगळ्यांनी गप्प बसून आपलं ऐकायचं, ही गोष्ट वहिनींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडणार होती.

पहिले काही दिवस त्यांनी नुसतीच गिटार मांडीवर घेतली. बोटं आपोआप धावत, आणि धावत ती ओळखीच्याच गल्ल्यांतून. एक तुकडा सुचला की पाठोपाठ लक्षात येई, हा तर अमक्या गाण्यातला. दुसरा सुचे, तो तमक्यातला. इतकी वर्षं उसनं वाजवल्यावर हाताला स्वतःचं काही उरलं होतं की नाही, कोण जाणे. मास्तर आतल्या खोलीतून ऐकत आणि अगदी मायेने म्हणत, "ताण घेऊ नकोस गं. अगदीच नाही जमलं तर माझ्याकडे कीबोर्डवर एक तयार आहे. तो टाकू."

त्या मायेने वहिनींच्या अंगाची लाही लाही होई.

मग त्यांनी गिटार पेटीत घातली आणि हाताला मध्ये आणायचंच नाही असं ठरवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची काच घासायचं मशीन होतं. ते घरघरत असताना त्या गुणगुणू लागल्या. गळ्याला जे म्हणता येत नाही ते बोटांनी म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. श्वास संपला की वाक्य संपलं. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती, त्यामुळे गळा हळूहळू धीट झाला. एका दुपारी एक ओळ आली, मग तिच्या मागोमाग तिची बहीण असावी अशी दुसरी. आठवड्याभरात चार ओळी झाल्या. घरी येऊन त्यांनी त्या एकाच तारेवर बसवल्या. बाकीच्या तारांना हातच लावायचा नाही, म्हणजे जुन्या गल्ल्यांत शिरायची सोयच नाही. दर ओळीनंतर त्यांनी मोकळी जागा ठेवली. ती जागा त्यांना फार आवडे. इतकं सुंदर थांबता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि नेमकी ती जागा मास्तरांना सापडली.

खरं तर यात नवं काही नव्हतं. डॉक्टरांनी वहिनींना विचारावं, काय होतंय? वहिनींनी म्हणावं, गुडघा... की मास्तर सांगत, "जिना उतरताना दुखतो हिला. चढताना नाही." पाहुणे आले की वहिनी गोष्ट सुरू करत आणि मास्तर संपवत. दुकानात घ्यायला येत तेव्हा गिऱ्हाइकाला कुठली फ्रेम शोभेल तेही सांगत. वहिनींना खरी चीड याची होती, की ते बरोबर असे. गुडघा उतरतानाच दुखे. फ्रेम शोभून दिसे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. हेडफोनमध्ये तिचा आवाज आला.

"आवाज छान येतायत सगळ्यांचे. तो गिटार-कीबोर्डचा सवालजवाब तर फारच गोड. घ्यायचं?"

"घेऊ," मास्तर म्हणाले. "तिथे काय करायचंय, की ही थांबली की मी—"

"तू थांब."

धाकट्याची काठी झांजेला लागता लागता हवेतच राहिली. पोस्टमनने मान वर केली. वहिनी घरात मास्तरांना अरे-तुरे करत, ते सगळ्यांना माहीत होतं, पण चारचौघांत आजवर कायम 'अहो' असे. लग्नानंतर सासूबाईंसमोर सुरू झालेली ती सवय सासूबाई गेल्यावरही तशीच राहिली होती.

"माझं वाक्य एकदा तरी मला पूर्ण करू देशील?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच गेला होता. "सोळा बार दिलेस ना मला? मग ते माझे. त्यात तू एक सूरसुद्धा लावायचा नाहीस."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि शाळेतल्या मुलासारखे मांड्यांखाली दाबून घेतले.

"असे?"

"असेच. माझं संपेपर्यंत."

गाणं सुरू झालं. मास्तर दोन कडवी नीट गायले, जरा जास्तच नीट. सोळा बार आले. मास्तरांनी कीबोर्डवरचे हात काढून मांड्यांखाली घातले. ड्रम आणि बेस हलकेच चालत राहिले, आणि वहिनींनी पहिली ओळ वाजवली. सूर वर ओढला, धरला, थांबल्या.

कुणी आलं नाही.

वहिनींनी वाट पाहिली. मग दुसरी ओळ वाजवली आणि पुन्हा थांबल्या. आता ती जागा त्यांना मघाशी वाटली होती त्याहून मोठी वाटली. तिसऱ्या ओळीला तर त्यांची मान त्यांच्या नकळत मास्तरांकडे वळली. मास्तर खाली बघत होते. चौथी ओळ संपली, उरलेले बार तसेच रिकामे निघून गेले आणि मास्तरांनी शेवटचं कडवं उचललं.

गाणं संपल्यावर हेडफोनमध्ये खरखर झाली.

"वहिनी, छान वाजलं," रेकॉर्डिस्ट म्हणाली. तिच्या स्वरात खोच अजिबात नव्हती. "अर्धं झालं. उत्तरं नंतर वेगळी वाजवणार आहात का? कोण वाजवणार आहे? म्हणजे त्याप्रमाणे मी चॅनेल मोकळा ठेवते."

धाकटा उगाचच ड्रमचा एक स्क्रू पिळत बसला.

"मला जरा ऐकवता का?" वहिनी म्हणाल्या.

तिने ऐकवलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. एक प्रश्न, मग काही नाही. दुसरा प्रश्न, मग काही नाही. दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरांसारख्या त्यांच्या चारही ओळी. थांबणं सुंदर वगैरे काही नव्हतं, ते नुसतं थांबणं होतं. वहिनींना काच घासायचं मशीन आठवलं. तिथे गुणगुणताना त्या जागेत आपल्याला काय ऐकू येत होतं? त्यांनी खूप प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि त्यांचे कान तापले. ऐकू येत होता तो मास्तरांचा कीबोर्ड. मास्तर तिथे मागाहून घुसलेच नव्हते. वहिनींनी ओळी रचल्या तेव्हाच ते आत बसलेले होते.

"पाच मिनिटं," असं म्हणत त्यांनी केबल काढली आणि गिटार घेऊन त्या बाहेर गेल्या.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी उत्तरं शोधायला घेतली. पहिल्या प्रश्नाला पहिलं उत्तर सुचलं, ते चार पायऱ्या उतरणारं. मास्तरांचं. त्यांनी ते टाकलं. दुसरं सुचलं, तेही मास्तरांचंच, मास्तर जरा रंगात असताना देतात ते. तिसरं, मास्तर थकलेले असताना देतात ते. नवऱ्याची सगळी उत्तरं तोंडपाठ होती. स्वतःचं एक सापडेना. वहिनींना रडू आलं नाही, पण आपण इतकी वर्षं कुणावर रागावलो होतो हे आता नीट कळेना, आणि राग तर तसाच शिल्लक होता. तो कुठे ठेवायचा?

दार उघडून मास्तर बाहेर आले. हातात कागदी कपांत चहा होता. एक कप पायरीवर ठेवून ते दोन पायऱ्या खाली उतरून बसले, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"तुझं नाही चुकलं."

"नाही, म्हणजे..." मास्तरांनी चहावर फुंकर घातली. "मला वाटायचं, तू माझ्यासाठी जागा ठेवतेस."

वहिनींनी तारेवरचं बोट उचललं.

"डॉक्टरकडेसुद्धा," मास्तर म्हणाले. "तू गुडघा म्हणून थांबतेस ना, तेव्हा माझ्याकडे बघतेस. मला वाटतं, मला बोलावतेयस."

"बघते मी?"

"नेहमी. आत्ता आतही बघितलंस, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं मला. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर हात निघाले असते."

खाली छापखान्यात कुणीतरी कागदाचा गठ्ठा धपकन टाकला. वहिनींनी चहाचा कप उचलला, तो फार गरम होता, म्हणून परत ठेवला. हे बोलणं आधी कधी झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण झालं असतं तरी सुरुवात आपण केली असती आणि शेवट यानेच, हेही वाटलं, आणि त्यांना जरा हसू फुटलं.

मास्तरांना धीर आला. "ऐक ना, पहिल्या ओळीनंतर तू जर खाली येऊन—"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर गप्प झाले. वाक्य तसंच राहिलं. ते तसं ठेवणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या मानेच्या शिरेवरून दिसत होतं. मग ते उठले, गुडघ्यावर हात टेकत दोन पायऱ्या चढले आणि आत गेले.

वहिनी एकट्या राहिल्या. दुकानात डोळे तपासून घ्यायला माणसं येत, तेव्हा काचा बदलून बदलून वहिनी विचारत, हे स्पष्ट की ते? माणसं घाबरून भराभर उत्तरं देत. चुकलं तर आपण मूर्ख ठरू असं त्यांना वाटे. मग वहिनी सांगत, घाई नाही, दिसेल तेव्हा सांगा. हजारदा सांगितलं असेल. पण त्या खुर्चीवर बसून कसं वाटतं हे त्यांना आज कळत होतं.

त्यांनी पहिली ओळ हळू वाजवली आणि थांबल्या. मास्तरांचं उत्तर आलं. त्यांनी ते मनातल्या मनात पूर्ण होऊ दिलं, जाऊ दिलं. मग दुसरं आलं, तेही जाऊ दिलं. ओळखीची सगळी पाहुणेमंडळी येऊन गेल्यावर घर जसं शांत होतं, तशी जरा शांतता झाली. बोटं तारेवर तशीच होती. त्यांनी ती हलवली नाहीत. मग बऱ्याच वेळाने एक बोट घसरलं, खाली नव्हे, वर, आणि जवळच्याच एका सुरावर जाऊन बसलं. तो सूर काही सुखाचा नव्हता. घरी आल्यासारखा तर मुळीच नव्हता. पण तो वहिनींनी कधी कुणाच्या गाण्यात ऐकलेला नव्हता, आणि कीबोर्डवरही नाही. त्यांनी तो पुन्हा वाजवला. मग त्याच्या शेजारचा.

त्या आत आल्या तेव्हा चहा पायरीवर गार होऊन गेला होता.

"घ्यायचं?" रेकॉर्डिस्टने विचारलं. सवयीने सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या मांडीकडे बघत होते.

"घेऊ," वहिनी म्हणाल्या.

धाकट्याने काठीवर काठी मारून लय दिली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सोळा बार आले तसे मास्तरांनी हात मांड्यांखाली घातले. वहिनींनी पहिली ओळ वाजवली, सूर ओढला, धरला आणि थांबल्या. जागा रिकामी जात राहिली. धाकट्याच्या कपाळावर आठी आली, त्याला वाटलं वहिनी विसरल्या. मास्तरांचे खांदे नकळत पुढे झाले, जणू हात नसले तरी खांद्यांनी चार पायऱ्या उतरणार होते. आणि जागा संपता संपता, अगदी निसटायच्या बेताला, वहिनींचा सूर वर गेला आणि तो एकटाच तिथे उभा राहिला. मास्तरांचे खांदे थबकले.

दुसऱ्या ओळीला उत्तर जरा लवकर आलं आणि जरा चिडलेलं आलं. तिसऱ्याला नुसते दोन सूर, तेही चाचपडत. पोस्टमनने आपला बेस आपणहून हळू केला. कुणी सांगितल्याशिवाय त्याने कधी काही केलं नव्हतं. वहिनी कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांच्या हाताला घाम आला होता, आणि एका ठिकाणी बोट किंचित सरकून तार खरखरली, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कुठल्याही मूळ गाण्यात ही खरखर नव्हती. चौथी ओळ त्यांनी वाजवली आणि त्या पुन्हा थांबल्या. उत्तर आलं ते लांबलं, दोनदा वळलं, संपेल असं वाटताना संपलं नाही. मग त्यांनी शेवटच्या सुरावर बोट ठेवलं आणि तार आपण होऊन विझेपर्यंत ते उचललं नाही.

सोळा बार संपले.

ड्रम चालू राहिले. बेस चालू राहिला. एक बार गेला, दुसरा गेला. धाकट्याने मानेने खूण केली, मग भुवयांनी केली, आणि शेवटी काठ्याच खाली ठेवल्या.

"दादा?"

मास्तर माइकसमोर बसले होते. तोंड थोडं उघडं होतं. हात अजून मांड्यांखालीच होते.

"अरे दादा, कडवं!"

मास्तरांनी दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"माझं आलं होतं?"

"कधीच येऊन गेलं!"

"मी..." मास्तर म्हणाले, आणि ते वाक्य पूर्ण करायला त्यांना बराच वेळ लागला. कुणीही मध्ये बोललं नाही. वहिनीसुद्धा नाहीत. "मी ऐकत होतो."

हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "गिटार घेतलीय मी. गाणं मागाहून घेता येईल, काही बिघडलं नाही."

वहिनी गिटारचा आवाज कमी करायला खाली वाकल्या, आणि केबलशी काहीतरी खुटपुट करत त्या बराच वेळ वर आल्या नाहीत. मास्तरांनी "हो, घेऊ ना" म्हणून मान डोलावली, पण कीबोर्डकडे वळायचं त्यांना सुचलं नाही. अजून काही यायचं असल्यासारखे ते वहिनींच्या हाताकडे बघत राहिले.